मुलांचे शिष्टाचार आणि सेखिय नियम

मुलांना शिष्टाचार शिकवावेत याविषयी दुमत नाही. परंतु कोणते, हा प्रश्न आपल्यापुरता तरी बिकट आहे. आमच्या पूर्वजांना ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकावयास लावले गेले. तोही शिष्टाचारच मानला जात होता! म्हणूनच मुलाला ‘नम्र हो’ असे सांगताना एखादा पिता अडखळतो, हे आम्ही समजू शकतो.

अशा वेळी विनयपिटकातील सेखिय नियम पाहावेत. ते 75 असून भिक्षूंप्रमाणे श्रामणेरांनाही शिकविले जातात. त्यांपैकी 30 नियम भोजनासंबंधी आहेत. घास फार मोठा घेऊ नये, तोंडात घास असता बोलू नये, हात चाटू नयेत. जेवताना ‘चपुचपु’ वा ‘सुरुसुरु’ आवाज करू नये. पालीतील हे शब्द तर मुलांना अर्थ न सांगताही कळावेत. विशेष असे की, या नियमांची भाषा ‘तू असे करू नकोस’ अशी नाही. ‘मी असे करणार नाही’ असा शिकणाऱ्याचा स्वतःचा निश्चय तीत आहे. दरडावणाऱ्या पालकांनी हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा.

वंदनाचा क्रमही संघात जन्मावरून ठरत नाही, प्रव्रज्येच्या ज्येष्ठतेवरून ठरतो. उपाली हा न्हावी. त्याला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती शाक्यकुमारांनीच भगवंतांना केली. म्हणजे त्याला वंदन करताना आपला कुलाभिमान गळून पडेल. चुल्लवग्गातील ही हकीकत मुलाला प्रथम सांगावी. हात जोडावयास त्यानंतर शिकवावे.