ल्युपसच्या रुग्णांनो, लघवी तपासून घ्या

अमेरिकी सैन्यदलात जवानांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे गोठवून ठेवतात. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे असे जुने नमुने संशोधकांनी बाहेर काढले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच स्वप्रतिपिंडं आढळली होती, काहींच्या तर नऊ वर्षं आधी. सांधेदुखी नाही, गालावर चट्टा नाही, आणि रक्तात मात्र तयारी सुरू!

प्रतिपिंडं जंतूंशी लढण्यासाठी असतात. ल्युपसमध्ये ती आपल्याच पेशींवर, अगदी डीएनएवरही उलटतात. ती किडनीच्या गाळणीत साचतात, तिथं 'सी३', 'सी४' ही प्रथिनं खर्ची पडतात आणि गाळणी सुजते. रक्तातली ही प्रथिनं घटू लागली आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडं वाढू लागली, की डॉक्टर सावध होतात. बायोप्सीत सुईनं काढलेला किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा विशिष्ट रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की साचलेली प्रतिपिंडं हिरवीगार चमकताना दिसतात. आजार सहापैकी कोणत्या वर्गातला, हे त्याच तुकड्यावरून ठरतं आणि औषधंही त्यावरच ठरतात. म्हणून बायोप्सीला घाबरून ती टाळू नये.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. 'एएनए' ही स्वप्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे ल्युपस झाला असं नव्हे. सौम्य पातळीवर ही चाचणी कित्येक निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. नुसत्या त्या कागदावरून एखाद्या तरुण मुलीचं लग्न अडवणं हा शुद्ध अन्याय आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. ल्युपसच्या दहापैकी साधारण चार रुग्णांच्या किडनीला झळ पोहोचते, पण सुरुवातीला दुखत काहीच नाही. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही बरेचदा नॉर्मल असतं. पायावर सूज, लघवीला फेस ही लक्षणं उशिरा दिसतात. त्याआधीच लघवीतून प्रथिनं जाऊ लागलेली असतात आणि दिवसाला अर्धा ग्रॅमहून जास्त प्रथिनं गेली, की बायोप्सीचा विचार होतो. ती पकडायला सकाळच्या पहिल्या लघवीची साधी तपासणी पुरते.

बरं वाटतंय म्हणून ल्युपसवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. त्यांनी डोळ्यांना इजा होईल अशी भीती असेल तर दरवर्षी डोळे तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहून दिली नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्ही स्वतः विचारा.