न उतरणारा ताप आणि हृदयाची झडप

पावसाळा सुरू झाला की खेड्यात तापाचे कोणाला नवल वाटत नाही. कोणाला हिवताप, कोणाला मुदतीचा, कोणाला नुसताच अंगदुखीचा. दोन गोळ्या घ्यायच्या, नाहीच उतरला तर बाजाराच्या दिवशी डॉक्टरांकडून एक सुई टोचून घ्यायची आणि कामाला लागायचे, ही आपली रीत. बहुतेकांचे त्यावर निभावतेही. पण ज्याच्या हृदयाची झडप आधीच अधू आहे, अशा माणसाच्या ही रीत जिवावर बेतू शकते. असा कोणी तुमच्या घरात असेल, तर पुढचे जरा सावकाश वाचा.

झडप म्हणजे काय, हे विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पाइपच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. त्यात काडीकचरा अडकला की पाणी मागे पळते आणि मोटर नुसतीच फिरते. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत आणि त्या दिवसाकाठी सुमारे लाख वेळा उघडझाप करतात. लहानपणी घसा दुखून गेल्यावर काही मुलांना ताप येतो, गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहून जातो आणि कित्येकदा तो पंधरा-वीस वर्षांनी, बाळंतपणात धाप लागल्यावर उघडकीस येतो. काहींची झडप जन्मतःच सदोष असते, काहींची शस्त्रक्रियेने बदललेली असते.

विहिरीच्या खडबडीत दगडावर शेवाळ लवकर धरते, तसेच या खडबडीत झडपेचे होते. किडलेल्या दाढेतून, सुजलेल्या हिरडीतून, पिकलेल्या गळवातून रक्तात शिरलेले जंतू धडधाकट माणसात तिथल्या तिथे मरतात. अधू झडपेवर मात्र ते चिकटतात, वाढतात आणि त्यांचा थर जमतो. डॉक्टर या रोगाला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी १८८५ साली लंडनमध्ये या रोगावर व्याख्याने दिली, तेव्हा त्यावर काहीच इलाज नव्हता. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन आले, तोवर रोगी बहुधा दगावतच असे.

हा रोग कधी आठ दिवसांत माणसाला आडवा करतो, पण पुष्कळदा चोरपावलांनी येतो. दहांपैकी नऊ जणांना ताप असतो. तो संध्याकाळी चढतो, रात्री घाम सुटतो, अन्नावरची वासना जाते, अंग पांढरे पडते, वजन उतरते. घरचे म्हणतात, क्षय असेल. कोणी म्हणते, मुदतीचा उलटला. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कधी लाल ठिपके दिसतात. नखाखाली कूस मोडून राहावी तशा बारीक काळपट रेघा दिसतात. (खुरपे, कुदळ धरणाऱ्याच्या नखाखाली अशा रेघा एरवीही असतात, तेव्हा नुसत्या तेवढ्यावरून घाबरू नये.) बोटांच्या टोकांना दुखऱ्या गाठी येतात, लघवी लाल होते, पाय सुजतात, धाप लागते.

सगळ्यांत वाईट म्हणजे झडपेवरच्या थराचा तुकडा तुटून रक्ताबरोबर मेंदूत जातो. तिशीतल्या तापकरी माणसाचे तोंड अचानक वाकडे होते, हात लुळा पडतो. आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. तिथे तेल चोळीत बसू नका. गाडी करा आणि मोठा दवाखाना गाठा.

आता या लेखातली मुख्य गोष्ट. पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण पाहतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. या रोगात रक्ताचे तसेच करतात. वेगवेगळ्या जागी सुई टोचून, निदान तीन वेळा रक्त घेतात, खास बाटल्यांत भरतात आणि त्यांत कोणता जंतू उगवतो ते पाहतात. जंतू कळला की त्याला मारणारे औषध नेमके ठरवता येते. पण त्याआधी रोग्याने जंतुनाशक गोळ्या किंवा सुया घेतल्या असतील, तर बाटलीत काही उगवत नाही. जंतू मेलेला नसतो, फक्त दबलेला असतो. ताप चार दिवस उतरतो, पुन्हा चढतो आणि तेवढ्या मुदतीत झडप कुरतडली जाते. आपल्या देशात अनेक रोग्यांचे रक्त अशा रीतीने कोरे निघते. म्हणून झडपेचा आजार असलेल्याला ताप आला की औषध देणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा, ‘हिच्या हृदयाची झडप खराब आहे, आधी रक्त तपासायचे का?’

दुसरे, गोठ्याची गोष्ट सांगायला विसरू नका. गाभ टाकलेल्या गाई-शेळ्यांचा जार, कच्चे दूध यांतून येणारे काही जंतूही झडपेवर बसतात. ब्रुसेला आणि क्यू-ताप ही त्यांची नावे. क्यू-तापाचा जंतू नेहमीच्या बाटलीत उगवतच नाही, ब्रुसेला उगवायला फार दिवस घेतो. त्यांच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. शहरातल्या डॉक्टरांच्या ते लगेच ध्यानात येईलच असे नाही.

आणखी एक गैरसमज पुष्कळ घरांत आहे. ‘आम्ही दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई घेतो, मग कसली भीती?’ ती सुई संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून असते आणि ती चुकवू नयेच. पण झडपेवर बसणाऱ्या या जंतूंपासून ती राखण करीत नाही.

उपचार लांबलचक आहे. शिरेतून जंतुनाशक औषधे, बहुधा चार ते सहा आठवडे. ताप पहिल्या आठवड्यातच उतरला की घरची माणसे सुटी मागू लागतात. पेरणी तोंडावर, जनावरांकडे पाहायला कोणी नाही. ही अडचण खरी आहे, तरी पाळीपाळीने माणूस ठेवा आणि मुदत पुरी करा. औषधाला दाद मिळेना, झडप फाटून धाप वाढली किंवा थर फार मोठा झाला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. जवळजवळ निम्म्या रोग्यांवर ती वेळ येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर न्या आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. एवढे सगळे करूनही साधारण पाचांपैकी एक रोगी रुग्णालयातच दगावतो. उशिरा आलेल्यांत हे प्रमाण जास्त असते.

जे बरे होतात त्यांना हा रोग पुन्हा होऊ शकतो. त्यांनी तोंड जपावे. मिश्री, तंबाखू सोडावी, रोज रात्रीही दात घासावेत, किडलेली दाढ बाजारात बसणाऱ्याकडून उपटून घेऊ नये. ज्यांची झडप कृत्रिम आहे किंवा ज्यांना हा रोग एकदा झाला आहे, त्यांना दात काढण्याच्या अर्धा-एक तास आधी औषधाचा एक डोस घ्यावा लागतो. इतरांना तो लागतो की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. झडपेचा आजार लिहिलेला कागद घरातल्या ट्रंकेत ठेवू नका. त्याची एक प्रत रोग्याच्या खिशात, बाई असेल तर बटव्यात, नेहमी असू द्या.