नायट्रसची बाटली : बटणामागचा हिशेब

मोटारींच्या शर्यतीचे इंग्रजी सिनेमे आता आपल्या वस्तीतल्या मुलांनाही पाठ झाले आहेत. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा अमेरिकन सिनेमा आला. त्यात चालक बटण दाबतो आणि मोटार बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ते पाहून गॅरेजात काम करणारी पोरे विचारतात, "त्या बाटलीत असते तरी काय? आपल्याला बसवता येईल का?" हा प्रश्न "गप बस, पाना धर" असे म्हणून उडवून लावू नये. ज्या मुलाला 'कसे' याबरोबर 'का' हेही विचारावेसे वाटते, तोच उद्या चांगला मिस्त्री होतो. म्हणून या विषयाची माहिती आज घरातील सर्वांसाठी देत आहोत.

आम्ही इंजिनिअर नव्हे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कारकुनी करणारे. परंतु हा सारा विषय मुळात जमाखर्चाचाच आहे आणि जमाखर्च आम्हांला कळतो.

हा वायू कोणता?

त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टले यांनी १७७२ साली तो प्रथम तयार केला. हंफ्री डेव्ही यांनी १७९९ च्या सुमारास तो स्वतः हुंगून पाहिला, आणि 'हसवणारा वायू' हे नाव त्याला पडले. १८४४ साली अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. पुढे तो रुग्णालयात शिरला. बाळंतपणाच्या कळा हलक्या करण्यासाठी आजही तो ऑक्सिजनमध्ये निम्मेनिम मिसळून देतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तो लढाऊ विमानांत वापरला, कारण फार उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कोंडतो. तिथून पुढे तो शर्यतीच्या मोटारींत आला.

ताकद येते कुठून?

पुष्कळांना वाटते की हा वायू पेट्रोलसारखा जळतो. तसे नाही. तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनातील उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर, हा वायू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. जादा ऑक्सिजन म्हणजे जादा पेट्रोल जाळण्याची सोय. शिवाय बाटलीतून बाहेर पडताना तो उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार व घट्ट होते. हा दुसरा फायदा.

आता हिशेब पाहा. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, पण नायट्रस सुमारे ९.६ किलोच पुरतो. म्हणजे तेवढा नायट्रस आत सोडला, तर किमान एक किलो पेट्रोल सोबत द्यायलाच हवे. ते कमी पडले की ज्वाळा बेफाम तापते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनचा माथा वितळतो. इंजिने मोडतात ती बहुधा या एका चुकीने. जमेच्या बाजूला ऑक्सिजन लिहिला आणि खर्चाच्या बाजूला पेट्रोल लिहायचे राहिले, तर ताळेबंद जुळायचा कसा?

सहा सिलिंडरवर जोडणी

अमेरिकेतील फोर्ड मस्टँग या मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या १९९९ च्या मॉडेलला ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याची ताकद १९० अश्वशक्ती होती. अशा धडधाकट इंजिनावर ७५ अश्वशक्तीची वाढ देणारा संच माफक समजतात. आधी सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासतात आणि पेट्रोलचा पंप जादा पेट्रोल देऊ शकतो का ते पाहतात. एकही सिलिंडर अशक्त निघाला, तर काम तिथेच थांबवायचे.

बाटली डिकीत पट्ट्यांनी घट्ट बसवतात. दहा पौंडांच्या बाटलीत साडेचार किलो वायू मावतो. आपल्या घरच्या सिलिंडरप्रमाणे तोही दाबाखाली द्रव असतो. फरक इतकाच की घरी वरची वाफ बाहेर येते. इथे आतल्या नळीने तळचा द्रव ओढायचा असतो. म्हणून बाटलीचे तोंड पुढे व किंचित वर ठेवतात. मोटार झेपावली की द्रव मागे सरकतो, आणि नळीचे टोक तिथेच असते.

बाटलीतला दाब दर चौरस इंचाला ९०० ते १००० पौंड इतका हवा. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, त्यावरून कल्पना करा. ऊन लागले की हा दाब चढत जातो. म्हणून बाटलीला दाब सोडणारी चकती असते आणि तिची नळी गाडीच्या बाहेर काढलेली असावी लागते. दाब कमी असेल तर विजेची गरम पट्टी वापरतात. स्टोव्ह किंवा दिवा बाटलीखाली धरणे म्हणजे मरणाला बोलावणे होय.

बाटलीपासून पोलादी जाळीची नळी सायलेन्सरपासून दूर ठेवून पुढे नेतात. तिथे विजेवर उघडणारे दोन व्हॉल्व्ह असतात, एक नायट्रसचा व एक पेट्रोलचा. दोन्ही एकाच क्षणी उघडले पाहिजेत. त्यांच्या पुढे बारीक भोकाचे जेट असतात. किती ताकद वाढणार हे त्या भोकांच्या मापावर ठरते. शेवटी नोजल हवेच्या नळीत, थ्रॉटलच्या थोडे अलीकडे बसवतात.

सहा सिलिंडरची खरी अडचण इथे येते. एका तोंडाने वाढलेले सहा जणांच्या ताटांत सारखे पडत नाही. वायू सहज वळतो, पेट्रोलचे थेंब मात्र जड; ते वळणावर नळीला चिकटतात. एखाद्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळते आणि जळतो तोच. म्हणून धाव झाल्यावर जाणता मिस्त्री सहाही प्लग काढून पाहतो. एक प्लग पांढराफटक दिसला, तर पाच चांगले असूनही पुढची धाव रद्द.

न दिसणारी कामे

ज्वलन वेगाने होते म्हणून स्पार्कचे टायमिंग मागे घ्यावे लागते. दर ५० अश्वशक्तीला सुमारे दोन अंश असा ठोकताळा आहे; म्हणजे ७५ ला तीन अंश. प्लग एक नंबर थंड घालतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणार नाही असा स्विच लावतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली असता वायू सोडत नाहीत. आणि वरची मर्यादा येण्याआधी तो बंद झाला पाहिजे, कारण त्या मर्यादेला इंजिनाचे पेट्रोल तोडले जाते आणि नायट्रस मात्र चालूच राहतो. इंजिन बंद असताना तर व्हॉल्व्ह कधीच उघडू नये. नळीत साठलेला वायू व पेट्रोल पुढच्या स्टार्टला भडकते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर बाटली उघडी ठेवली, तर अंदाजे दोन मिनिटांत संपते. म्हणून त्याची खरी जागा पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, सरळ शर्यतीच्या मैदानावर आहे. रस्त्यावर नव्हे.

आपल्या पोरांनी काय लक्षात ठेवावे

आपल्याकडे मोठ्या शहरांत सहा सिलिंडरच्या महाग मोटारी आहेत, आणि त्यांचे हौशी मालकही आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. कायद्यात मालकाचे नाव असले, तरी "हे बसवले कोणी?" ही पहिली विचारणा पाना धरणाऱ्या पोराकडेच होते. मालक वकील लावतो. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या पोराने काय लावावे? म्हणून कोणी कितीही पैसे दाखवले, तरी "साहेब, आधी आर.टी.ओ.ची लेखी परवानगी दाखवा" एवढे वाक्य त्याच्या तोंडी असले पाहिजे. हे वाक्य उद्धटपणाचे नाही, शहाणपणाचे आहे.

माता-भगिनींसाठीही एक गोष्ट. रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळणारा वायू वेगळा आणि मोटारीच्या बाटलीतला वेगळा. मोटारीच्या वायूत, कोणी हुंगू नये म्हणून, पुष्कळदा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. शुद्ध वायूही नशेसाठी वारंवार हुंगला तर शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी होते, हातपाय बधिर होतात, चालणे बिघडते. बंद जागेत गुदमरून जीवही जातो. ब्रिटनमध्ये नशेसाठी हा वायू बाळगणे नोव्हेंबर २०२३ पासून गुन्हा ठरले आहे. मुले फुगे भरून काही हुंगताना दिसली, तर थट्टा समजून सोडून देऊ नका.

आम्हांला एवढेच सांगायचे आहे की बटण कोणालाही दाबता येते. जेटचे भोक केवढे, टायमिंग किती अंश, सहावा प्लग पांढरा का पडला, याचे उत्तर देणारा माणूस विरळा असतो, आणि त्याला कोणी नुसता हरकाम्या म्हणू शकत नाही. गॅरेजात जाणाऱ्या मुलाला आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिकच्या वर्गाची वाट दाखवा. त्याच्या खिशात पान्याबरोबर एक वही आणि पेन्सिल असू द्या.