गस्तीला वेसण हवी

सुगीचे दिवस आले की खेड्यापाड्यांत चोऱ्यांची चर्चा सुरू होते. कुणाच्या विहिरीवरची केबल कापून नेली, कुणाचा स्टार्टर उचकटला, कुणाच्या खळ्यावरचं सोयाबीन पोत्यांसकट गेलं. केबलमधलं तांबं भंगारात विकून चोराला चार पैसे मिळतात. इकडे शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकते आणि उभं पीक वाळतं. एकेका ठाण्याकडे कितीतरी गावं असतात. प्रत्येक बांधावर पोलीस उभा राहणार नाही. म्हणून राखण गावानं आणि पोलिसांनी मिळूनच करायची आहे.

त्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावात पोलीस पाटील असतात. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. पोलिसांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामसुरक्षा दल उभारता येते. अनेक गावांनी ग्राम सुरक्षा यंत्रणाही घेतली आहे. ठरलेल्या क्रमांकावर बोललं की तोच निरोप त्याच आवाजात नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम पोचतो. चोरी असो, आग असो वा बिबट्या, गाव लगेच जागं होतं.

पण जागं झालेलं गाव भलत्याच वाटेला गेलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) इथं आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. टाळेबंदीत चोरांच्या अफवेनं लोक रात्रीचा पहारा देत होते. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण तिथं अक्षरशः खरी झाली.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, गस्त जरूर घाला, पण पुढील गोष्टी पाळा.

१) गस्तीवाल्यांची यादी पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात द्या. कोणत्या रात्री कुणाची पाळी, हे वहीत लिहा. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांची नावं गस्तीवाल्यांना आधी कळवा.

२) अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारा, ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा. हात उचलू नका.

३) डोळ्यांदेखत चोरी करताना कुणी सापडला, तर गंभीर (दखलपात्र व अजामीनपात्र) गुन्ह्यात नागरिकाला त्याला पकडता येतं. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारण्याचा अधिकार कुणालाच नाही.

४) मोबाईलवर आलेला निरोप ठाण्यात विचारल्याशिवाय पुढं ढकलू नका.

५) मोटारीवर नाव कोरून घ्या, खरेदीची पावती जपा. चोरी झाल्यास तक्रार द्याच. ‘काय उपयोग?’ म्हणून घरी बसलो तर चोरीची नोंदच होत नाही.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी सुगीआधीच बैठक बोलवावी, ठाण्यातील बीट अंमलदारांनाही बोलवावं. गाव करील ते राव काय करील, हे खरं. पण गाव म्हणजे जमाव नव्हे, एवढं त्या बैठकीत प्रत्येक गस्तीवाल्याला पटलं पाहिजे.