ब्रायटन : राजाचा महाल, सैनिकांचं रुग्णालय आणि टेकडीवरची छत्री

'हवापालट' हा शब्द तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकला असेल. लांबलेल्या आजारातून उठलेल्या माणसाला पूर्वी सांगायचे, "जरा हवापालट करून या." मग कोणी महाबळेश्वरला जायचं, कोणी पाचगणीला. जगात काही गावं अशा हवापालटावरच मोठी झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन हे त्यातलंच एक. चला तर मग, आज या गावाची सफर करूया. समुद्र पाहूच, पण तिथे आपल्या देशातल्या माणसांच्या ज्या खुणा आहेत, त्याही शोधूया.

समुद्राचं पाणी झालं औषध

ब्रायटन हे मुळात मासेमारी करणाऱ्यांचं गाव. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी एक ग्रंथ लिहिला. समुद्रस्नानाने आजार बरे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढंच नाही, तर ते रुग्णांना समुद्राचं पाणी प्यायलाही सांगत! श्रीमंत लोकांची रीघ लागली. चाकांवरची लाकडी खोली पाण्यात नेऊन, तिच्या आडोशाने लोक समुद्रात डुबकी मारायचे.

१७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज जॉर्ज इथे आला आणि गावाचं नशीब पालटलं. त्याने आधी किनाऱ्याजवळ एक साधं घर घेतलं. पुढे वास्तुविशारद जॉन नॅश याने १८१५ पासून त्याचा मोठा महाल केला. हाच 'रॉयल पॅव्हिलियन'. बाहेरून घुमट आणि मिनार, अगदी आपल्याकडच्या इमारतींसारखे. आतली सजावट मात्र चिनी पद्धतीची. गंमत बघा, हा राजा भारतात कधी आलाच नव्हता!

चंपीवाले शेख दीन महंमद

याच काळात पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद ब्रायटनमध्ये आले. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपलं प्रवासवर्णन छापलं होतं आणि १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय पदार्थांचं उपाहारगृहही काढलं होतं. ब्रायटनला त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश यांचं केंद्र सुरू केलं. आपण हातपाय चेपून देतो ना, तोच प्रकार. 'शॅम्पू' हा इंग्रजी शब्द 'चंपी'च्याच घराण्यातला. त्याचा जुना अर्थ मालिश असाच होता, केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. त्यांची कीर्ती इतकी झाली, की राजेसुद्धा त्यांच्याकडून उपचार घेऊ लागले. १८५१ मध्ये त्यांचं ब्रायटनमध्येच निधन झालं.

महाल गावाचा झाला

१८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली. आता फक्त श्रीमंतच नव्हे, तर कामगारही सुट्टीच्या दिवशी समुद्रावर येऊ लागले. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी मानवली नाही. शेवटी १८५० मध्ये गावाने तो महालच विकत घेतला. हे साल लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

महालातले जखमी सैनिक

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. भारतीय सैनिक फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत, कडाक्याच्या थंडीत लढत होते. जखमींसाठी डिसेंबर १९१४ मध्ये पॅव्हिलियन आणि शेजारच्या इमारतींत रुग्णालय उघडलं. इथे २,३०० हून जास्त भारतीय सैनिकांवर उपचार झाले. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी स्वयंपाकघरं वेगळी होती, पाण्याचे नळही वेगळे होते.

"राजाने आपला महाल सैनिकांना दिला," असं तेव्हा सांगितलं जाई. पण महाल तर १८५० पासून गावाच्या मालकीचा होता! मग असं का सांगायचं? कारण घुमटांखाली विश्रांती घेणाऱ्या सैनिकांची छायाचित्रं सगळीकडे पोचवायची होती. सरकार आपली काळजी घेतं, हा विश्वास भारतात टिकवायचा होता. काळजी घेतली जात होती, हे खरंच. पण गावात फिरण्यावर बंधनं होती, सैनिकांची पत्रं सरकार वाचत होतं आणि बरे झालेल्या अनेकांना पुन्हा लढाईवर पाठवलं जात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इतिहास वाचताना दोन्ही बघायच्या असतात.

टेकडीवरची छत्री

ब्रायटनमध्ये मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचं दहन गावाबाहेर पॅचमजवळच्या टेकडीवर झालं. तिथे पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची 'छत्री' उभी आहे. हे आपलंच नाव तिथेही तसंच वापरतात! पुण्यातल्या वानवडीची शिंदे छत्री तुम्हाला माहीत असेल. स्मारक या अर्थाने तोच हा शब्द. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. मात्र त्या ५३ जणांची नावं दगडावर कोरून तिथे लागायला २०१० साल उजाडलं.

कधी गेलात तर…

लंडनहून आगगाडीने साधारण तासाभरात ब्रायटन येतं. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, म्हणून पायात चांगले बूट हवेत. समुद्रात शिरलेला १८९९ चा लोखंडी धक्का पाहा. १८८३ पासूनची विजेवर चालणारी छोटी रेल्वेही पाहा. मग पॅव्हिलियन. त्याच्या दक्षिणेकडचं प्रवेशद्वार भारतीयांनी १९२१ मध्ये दिलेली भेट आहे. तिथे क्षणभर थांबा. आणि वेळ काढून छत्रीपर्यंत चालत जा. बरेच पर्यटक धक्क्यावरूनच परततात, टेकडीवर थोडेच पोचतात.

उपक्रम : ब्रायटन लांब आहे, पण ते युद्ध लांब नव्हतं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले' असं सांगणारा दगड चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेला आहे. त्यावर आकडा असतो, नावं बहुधा नसतात. आपल्या किंवा शेजारच्या गावात असा दगड आहे का, ते शोधा. सापडला तर तो आकडा वहीत लिहा आणि गावातल्या जाणत्या माणसांना विचारा : त्यांपैकी एकाचं तरी नाव कोणाला आठवतं का?