लेझीम : चार आवाजांच्या पुढे

गणपती जवळ आले की गावोगावची लेझीम पथकं सरावाला लागतात. शाळेत शिकलेले चार आवाज आणि आठ आवाज आपल्याला येत असतात. (‘आवाज’ म्हणजे लेझीम उघडण्या-मिटण्याची एकेक मोजणी.) रांगेत उभं राहून मिरवणूकही निभावून नेता येते. त्यापुढे जायचं म्हटलं की बहुतेक जण नवे प्रकार शिकायला धावतात. खरी प्रगती मात्र येणारे प्रकार स्वच्छ करण्यात आहे. बार्शीटाकळीच्या एखाद्या पथकाने पुढची पायरी कशी गाठावी, ते क्रमाने पाहू.

आधी लेझीम तपासा. लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, साखळीतल्या चकत्या आणि साखळीच्या मधली मूठ, एवढाच हा सरंजाम. चकत्या वाकलेल्या असतील तर आवाज बसका येतो. टोकाची कडी सैल असेल तर साखळी निसटून शेजाऱ्याला लागू शकते. दांड्याची कुसळं काचकागदाने घासून टाका.

मग पकड. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीच्या मधली मूठ. इथली नेहमीची चूक म्हणजे मूठ आवळून धरणं आणि सगळा जोर खांद्यातून लावणं. अशाने थोड्याच वेळात हात भरून येतात. हालचाल कोपरातून सुरू व्हावी आणि झटका मनगटाने द्यावा.

आता आवाज ऐका. एकट्याने, अगदी सावकाश चार आवाज करा. उघडताना एक आणि मिटताना एक, असा तुटक ‘छन्’ आला पाहिजे. मागे खळखळ रेंगाळत असेल तर झटका अर्धवट थांबतो आहे किंवा साखळी ताणलेली राहत नाही. हे दुरुस्त होईपर्यंत वेग वाढवू नका.

पुढची पायरी पायांची. लेझीम बाजूला ठेवा आणि डफड्याच्या किंवा हलगीच्या ठेक्यावर नुसते पाय टाका. वजन एका पायावरून दुसऱ्यावर पुरतं गेलं की पुढचं पाऊल आपोआप मोकळं होतं. वजन दोन्ही पायांत अडकलं की माणूस ठेक्याच्या मागे पडतो. नजर पायांकडे नको, समोर ठेवा. खाली पाहिलं की पाठ वाकते आणि रांग दिसेनाशी होते.

यानंतर दो रुख घ्या, म्हणजे ठेका न मोडता आळीपाळीने दोन दिशांना वळणं. वळताना आधी पाय, मग कंबर आणि शेवटी हात. हात आधी फिरले की तोल जातो, आणि लेझीम शेजाऱ्याच्या अंगावर जाते.

फलांग, म्हणजे पुढे किंवा मागे घेतलेली उडी, त्याच्यानंतर. उडी उंच नको, हलकी हवी. चवड्यांवर उतरा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. आपल्याकडची काळी माती भादव्यात ओली असते. ती तळव्यांना चिकटते आणि पाय घसरतो, म्हणून फलांगचा सराव मुरमाच्या किंवा कोरड्या जागेवरच करावा. गुडघे दुखत असतील तर ज्येष्ठांनी उडीऐवजी लांब पाऊल टाकलं तरी चालतं.

आता सगळे मिळून. दोन्ही हात बाजूला पसरले तरी शेजाऱ्याला लागणार नाहीत, एवढं अंतर ठेवा. प्रकार बदलायची शिट्टी म्होरक्याने ऐनवेळी नव्हे, एक फेरी आधी द्यावी. सर्वांत जास्त गडबड होते ती वेग वाढवताना. उत्साही पोरं ठेक्याच्या पुढे पळतात, थकलेली मागे राहतात आणि एका छन्काराचे दहा होतात. अशा वेळी वादकाने लय उतरवावी आणि सगळ्यांनी पुन्हा चार आवाजांवर यावं. सरावात यात काही कमीपणा नाही.

शेवटी मांडणी. सगळे प्रकार एकाच मिरवणुकीत दाखवायचा हट्ट नको. चार-पाच प्रकार निवडा, संथपासून सुरुवात करा, बैठकीचा प्रकार मध्ये घ्या आणि फलांग शेवटी ठेवा. डीजेच्या दणक्यात लेझीम ऐकू येत नाही. पथकापुढे डफडं किंवा ढोलच असावा, एवढा आग्रह मंडळाकडे जरूर धरा.

आपल्या वऱ्हाडाला या व्यायामाचा मोठा वारसा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं परदेशी प्रेक्षकांना दाखवली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात शेकडो जणांनी एकत्र लेझीम खेळली. एवढ्या मोठ्या संख्येलाही एकत्र बांधणारा पाया चार आवाजांचाच असतो. म्हणून यंदा नवा प्रकार हाती घेण्याआधी आपल्या पथकाचे चार आवाज एकदा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. ते एकच लेझीम वाजल्यासारखे आले, तर पुढचा प्रकार खुशाल सुरू करा.