७८२ की ९८२?

अंबरनाथचं शिवमंदिर? कुणीही सांगेल, हेमाडपंती. पांडवांनी एका रात्रीत उभारल्याची कथाही सोबत ऐकायला मिळेल. हेमाडपंत हे तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांचे मंत्री. मंदिराच्या उत्तर दारावर आतल्या अंगाला कोरलेला लेख मात्र शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव घेतो आणि शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल देतो. म्हणजे हेमाडपंतांच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

लेख सापडला म्हणजे वाद मिटला, असं वाटेल. पण हाच आकडा एकोणिसाव्या शतकात आधी ७८२ असा वाचला गेला होता. झिजलेल्या दगडावरचा एक अंक चुकला आणि मंदिर दोन शतकांनी म्हातारं झालं! इथे शैलीचा अभ्यास कामाला येतो. शिखराचे उरलेले भाग पाहा: चार दिशांना उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये इवल्या शिखरांच्या रांगा. हा भूमिज प्रकार. माळव्यातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर याच प्रकारचं आणि अकराव्या शतकातलंच. ही घडण ९८२ शी जुळते, ७८२ शी नाही.

रूपावरून काळ ओळखण्याची ही पद्धत भारतात रुजवली ती जेम्स फर्ग्युसनने. निळीच्या धंद्यात पैसा कमावलेला हा स्कॉटिश माणूस. १८७६ साली त्याचा भारतीय वास्तुकलेचा मोठा इतिहास निघाला. शैलींची सांगड धर्माशी आणि वंशाशी घालण्याचा त्याचा हट्ट आज टिकत नाही, टिकूही नये. पण इमारत निरखण्याची त्याची शिस्त टाकून देण्यासारखी नाही.

दुसरी वाट पोथ्यांची. राम राझ यांनी संस्कृत शिल्पग्रंथ आणि दक्षिणेतली मंदिरं ताडून पाहिली. त्यांचा ग्रंथ १८३४ मध्ये छापला गेला. अशाच ग्रंथांपैकी, राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधारा’त भूमिज प्रासादांचं वर्णन आहे. तरी पोथी हातात घेऊन अंबरनाथ मोजायला जाणाऱ्याने सावध असावं: मंदिर घडवणारा सूत्रधार, म्हणजे स्थपती, दगडासमोर उभा राहून निर्णय घेत असे.

आणि वापराचं काय? इथला गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीची गर्दी तिथे कशी सामावते, पूर्वी कोण कुठपर्यंत येऊ शकत होतं, हे मोजणीच्या नकाशात दिसत नाही. त्यासाठी पुजारी, दुकानदार आणि जुनी दप्तरं यांच्याकडेच जावं लागेल.